मोरू, जाडं मीठ आणि आठ हंडे पाणी

आमच्या घरी एक प्राणी आहे. आई त्याला 'तुझी ती पाल' म्हणते. आजी 'मासा' म्हणते, कारण पाण्यात राहतो तो मासा, विषय संपला. शेजारचे काका आले की काचेवर टकटक करून "हे खातात का रे?" असं दर वेळी न चुकता विचारतात. त्याचं खरं नाव अ‍ॅक्सोलॉटल. घरातलं नाव मोरू.

मोरू हा सॅलमँडर आहे. म्हणजे बेडकाचा लांबचा चुलतभाऊ, फक्त शेपूट असलेला. बेडकाचं पिल्लू मोठं झालं की कल्ले टाकून जमिनीवर येतं. अ‍ॅक्सोलॉटल येत नाही. तो जन्मभर पाण्यातच, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तुरे काढून बसलेला. (तुरे म्हणून मोरू.) वीतभर लांबी, गुलाबी-पांढरा रंग आणि चेहऱ्यावर कायम मंद हसू. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये असं हसता आलं तर काय पाहिजे!

आपल्या महाराष्ट्रात एकही सॅलमँडर नाही. भारतातले आहेत ते दार्जिलिंगकडे आणि ईशान्येच्या डोंगरांत. आपल्याकडे बेडूक आहेत आणि ज्यांना देवगांडूळ म्हणतात ते बिनपायांचे उभयचर आहेत, बस. मग हा शहापूरला कसा आला? तर एका मित्राला जर्मनीत नोकरी लागली आणि "सहा महिने सांभाळ रे फक्त" म्हणून तो टाकी, फिल्टर आणि मोरू माझ्या पदरात टाकून गेला. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. असो. हा प्राणी साईट्सच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. ते सगळं रीतसर केलं. कागदावर मोरू माझा झाला. आता खरी गोष्ट.

अ‍ॅक्सोलॉटलचं मूळ गाव म्हणजे मेक्सिको सिटीजवळचं सोचिमिल्को. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे थंड पाण्याचे कालवे. या प्राण्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. २४ च्या वर गेलं की त्याचा त्रास सुरू. आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखालच्या खोलीत जाऊन बघा. मोरूला शहापूरला ठेवणं म्हणजे याक चंद्रपूरला बांधण्यासारखं आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी बर्फाच्या बाटल्या टाकायचो. त्याने व्हायचं काय, की पाणी तासाभरात पाच अंश खाली आणि तीन तासांत परत वर. हे चढउतार त्याला गरमीपेक्षा वाईट. मग आजीने उपाय सांगितला. म्हणजे तिने उपाय म्हणून नाही सांगितला, ती नुसतं म्हणाली, "माठात काय बर्फ घालतोस का रे?" बरोबर! टाकी पत्र्याखालून काढून खालच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत आणली, टाकीचं झाकण काढून जाळी लावली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅन सोडला. बाष्पीभवनाने तीन-चार अंश सहज उतरतात. मात्र हे एप्रिलच्या कोरड्या हवेत चालतं. जूनची दमट हवा सुरू झाली की माठही गार होत नाही आणि टाकीही.

तर गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमची बोअरवेल आटली. दर वर्षी आटते, त्यात नवीन काही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शहापूर हा धरणांचा तालुका आहे. तानसा १८९२ सालचं. मग वैतरणा. मग भातसा. मुंबईला जे पाणी मिळतं त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. आणि ज्या तालुक्यात ही धरणं आहेत तिथल्या पाड्यांवर मार्चपासून टँकर. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्याकडे म्हण नाहीच, पत्ता आहे.

आम्हीही टँकर मागवला. रविवार होता. म्हटलं, पाणी आलंच आहे तर टाकी साफ करून टाकू. फिल्टरचा स्पंज काढला. शेवाळलेला, तपकिरी, बघवत नव्हता. टँकरच्या पाण्याच्या पाइपखाली धरून चांगला पिळून पिळून धुतला, नवा दिसेपर्यंत. टाकीतलं पाणी उपसलं आणि त्याच पाइपने दोन बादल्या थेट आत सोडल्या. टाकी अशी चकचकीत दिसत होती की फोटो काढून जर्मनीला पाठवला.

मंगळवारी रात्री आसनगावला लोकलमधून उतरून घरी आलो तर मोरू कोपऱ्यात. तुरे पुढच्या बाजूला वळलेले, शेपटीचं टोक आकडीसारखं वाकलेलं, आणि अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटत होते. बुधवारी सकाळी उजव्या तुऱ्यावर कापसाचा बोळा चिकटल्यासारखं काहीतरी. ती बुरशी. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. तरी चेहऱ्यावर तेच हसू. हे फार वाईट असतं हो. दुखत असलेला प्राणी हसताना बघणं.

घरात उपायांचा पाऊस पडला. आई म्हणाली हळद लाव. काका म्हणाले कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी घाल. माझ्या हातात आधीच बुरशीवरची माणसांची ट्यूब होती, ती लावायला निघालो होतो. नशिबाने त्याआधी आमच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला.

ते म्हणाले, "अहो इंजिनियर, मी म्हशींचा डॉक्टर. तुमचा हा प्राणी मी आयुष्यात बघितला नाही. पण एक सांगतो, बेडकाच्या जातीचं काही असेल तर कातडीला काहीही चोळू नका. लावाल ते सगळं आत जाईल. आणि पाणी कुठलं घातलंत ते आधी सांगा."

पाणी कुठलं घातलंत. तीन वर्षं प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काढलेल्या माणसाने हा प्रश्न स्वतःला आधी विचारायला हवा होता. सिस्टिम परवापर्यंत चालत होती, आज बंद पडली, तर मध्ये काय बदललं? आम्ही दुसऱ्यांना हेच विचारून पगार घेतो.

उभयचरांची कातडी म्हणजे आपल्या कातडीसारखी पिशवी नव्हे. ती पातळ असते, तिच्यावर चिकट द्रवाचा थर असतो, आणि त्यातून प्राणवायू, पाणी, क्षार हे सगळं आत-बाहेर जात असतं. मोरू कल्ल्यांनी श्वास घेतो, थोडा फुप्फुसांनी आणि बराचसा कातडीने. म्हणजे कातडी हे त्याचं अर्धं फुप्फुस आहे. त्याला मलम फासणं म्हणजे आपल्या फुप्फुसात मलम भरणं. सॅनिटायझर लावलेल्या हाताने त्याला उचलणंसुद्धा चूक.

टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. ती टाकायलाच हवी, नाहीतर गावात कावीळ आणि जुलाब होतील. पण त्यातला क्लोरीन कल्ले आणि कातडी भाजतो. ते पाणी बादलीत उघडं एक दिवस ठेवलं असतं, अधूनमधून ढवळलं असतं, तर क्लोरीन उडून गेला असता. घाई असेल तर हायपोचे चार खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतात. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी, कारण ती करताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. तो तपकिरी घाणेरडा स्पंज म्हणजे फिल्टरचा प्राण होता. मोरूच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. मी ते क्लोरीनच्या पाण्याने पाच मिनिटांत धुऊन टाकले. थेंबांच्या किटने अमोनिया मोजला तर १ पीपीएम. तो शून्य असायला हवा. आणि पाणी जितकं गरम तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, १८ अंशांना लिटरला साधारण साडेनऊ मिलिग्रॅम तर ३० अंशांना साडेसात. म्हणजे श्वासाला हवा कमी आणि ज्यातून श्वास घ्यायचा ती कातडीच भाजलेली.

मग बुरशी आली. पण ती शेवटी आली, हे मला नंतर कळलं. कापसासारखी दिसणारी ही सॅप्रोलेग्निया कुठल्याही पाण्यात थोडीफार असतेच. (शास्त्राप्रमाणे ती खरी बुरशीही नव्हे, पण आपण तिला बुरशीच म्हणू.) धडधाकट कातडीवर तिचं काही चालत नाही. कातडी दुखावली की ती तिथे रुजते. कापूस दिसतो म्हणून आपण कापसाच्या मागे लागतो, पण तो नुसता एरर मेसेज असतो.

उपचार अगदी साधा होता. मोरूला टाकीतून काढून सहा लिटरच्या टबात ठेवायचं. रोज सकाळ-संध्याकाळ टबाचं सगळं पाणी बदलायचं, मुरवलेलं आणि त्याच तापमानाचं. आणि दिवसातून दोनदा मिठाची अंघोळ. लिटरला दोन ते तीन चमचे, म्हणजे १० ते १५ ग्रॅम मीठ, दहा मिनिटं, घड्याळ लावून. पंधराच्या वर कधीही नाही, नाहीतर मीठच कल्ले जाळतं. मिठाने बुरशीतलं पाणी शोषलं जातं आणि ती गळून पडते. मीठ बिनआयोडीनचं बरं, कारण या प्राण्याचं जन्मभर पिल्लू राहणं थायरॉइडशी जोडलेलं आहे, आणि आयोडीनशी खेळ नको. आमच्या वाण्याकडे गोणीतलं जाडं मीठ होतं. "लोणचं घालताय का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. समजावणार कोण!

दुसरा उपाय शाळेच्या मैदानात पडला होता. देशी बदामाची वाळलेली लाल-तपकिरी पानं. ती धुऊन पाण्यात टाकली की टॅनिन उतरतं, पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि बुरशीला ते आवडत नाही. परदेशातले लोक ही पानं पाकिटातून विकत घेतात. इथे शिपाईमामा रोज झाडून जाळतात.

तिसरा उपाय मी केला आणि तो घरात गाजला. थंडीत बुरशीची वाढ मंदावते, म्हणून काही पाळणारे आजारी अ‍ॅक्सोलॉटलला टबासकट फ्रीजमध्ये ठेवतात. मी भाजीचा कप्पा रिकामा केला. आईने दार उघडलं तेव्हा आतून मोरू तिच्याकडे बघून हसला... पुढचं लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी पाच तास लाईट गेली आणि तो प्रयोग आपोआप बंद पडला. बरंच झालं. हळूहळू गार करणं आणि हळूहळू परत आणणं हे मला तसंही जमलं नसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अंगावर किंवा पायांवर लाल चट्टे दिसले, पोट फुगलं, तर ते जिवाणूंचं दुखणं असू शकतं. तिथे मीठ आणि पानं करत बसू नये. प्रतिजैविक लागतं आणि ते डॉक्टरच ठरवणार.

आता त्या आठ हंड्यांबद्दल. दिवसाला १२ लिटर पाणी टबाला. दहा दिवस. १२० लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर आठ हंडे. हा हिशोब मी केला नाही, आईने केला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी वरच्या पाड्यावरून येतात. तिथे टँकर एक दिवसाआड विहिरीत पाणी ओततो आणि बायका दोर टाकून उपसतात. चौथ्या दिवशी मी टब रिकामा करत होतो तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. रागाने नाही, अगदी सहज, वाकून टबात बघत म्हणाल्या, "यालाबी पानी पुरं पडत नाय का?"

मी काहीतरी पुटपुटलो. वापरलेलं पाणी वाया जात नाही, कढीपत्त्याला आणि केळीला घालतो, वगैरे. ते खरंही होतं. पण त्यांनी वाया जाण्याबद्दल विचारलंच नव्हतं. त्यांना फक्त पुरतं की नाही हे हवं होतं. त्या दिवशी संध्याकाळी आई टबासाठीची बादली स्वतः भरून बाहेर उघडी ठेवून गेली. काही बोलली नाही. मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

सहाव्या दिवशी कापूस गळला. आठव्या दिवशी मोरूने गांडूळ खाल्लं. तुऱ्याचा जो भाग झडला होता तो महिन्याभरात परत उगवला, कारण अ‍ॅक्सोलॉटलला ते येतं, तुटलेला पायसुद्धा परत येतो. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी याचा जीनोम वाचला तेव्हा तो ३२ अब्ज अक्षरांचा निघाला, आपल्या दहापट. एवढा मोठा कोड बाळगणारा प्राणी, आणि त्याला दोन बादल्या चुकीच्या पाण्याने आडवं केलं.

त्याच सुमारास मुरबाडचा एक मित्र घरी आला होता. सगळा प्रकार ऐकून म्हणाला, "कशाला एवढा व्याप? नेऊन सोड ना तानसाला. बिचारा मोकळा होईल." बोलणारा मनाने चांगला आहे. आणि खरं सांगतो, पाचव्या दिवशी पहाटे पाणी बदलताना माझ्याही मनात हेच येऊन गेलं होतं. मोरू आपल्या उन्हाळ्यात जगणार नाही हा एक भाग झाला. पण मला खरी भीती दुसरीच वाटली.

उभयचरांच्या कातडीचा सगळ्यात भयंकर रोग म्हणजे कायट्रिड नावाची बुरशी, आणि ही खरी बुरशी. ती कातडीतच वाढते, क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी प्राण्याचं हृदय बंद पडतं. २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तिच्यामुळे घटलेल्या जातींची मोजदाद आहे, ५०१ जाती, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेलेल्या. तिची दुसरी बहीण २०१३ मध्ये सापडली, तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच सॅलमँडर खाणारी. नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर तिने जवळजवळ संपवले. ती मूळची आशियातली, इथले सॅलमँडर बऱ्याच प्रमाणात तिला तोंड देत आले आहेत, आणि युरोपात ती पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पोचली असं मानतात. अमेरिकेने २०१६ च्या जानेवारीत २०१ जातींच्या सॅलमँडरची आयात याच भीतीने थांबवली. पाळलेल्या प्राण्यांत हा रोग लवकर कळला तर औषधाच्या अंघोळी किंवा ठरावीक दिवस पाणी कोमट ठेवून तो बरा करता येतो. जंगलात कोण कुणाला अंघोळ घालणार?

आपल्या सह्याद्रीतही कायट्रिड आहे. पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती दाखवून दिली. दिलासा एवढाच की ती आशियातलीच जुनी जात निघाली आणि आपले बेडूक पटापट मरताना दिसले नव्हते. पण बाहेरच्या टाकीतून दुसरी जात आली तर? मोरू दिसायला बरा झाला म्हणजे त्याच्या पाण्यात काही नाही, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मला तर टँकरच्या पाण्यात काय आहे तेही कळलं नव्हतं.

आणि गंमत बघा, ज्या सोचिमिल्कोत तो मोकळा होता तिथेही आता त्याला जागा नाही. १९९८ मध्ये तिथे एका चौरस किलोमीटरला सुमारे ६००० अ‍ॅक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. शहर वाढलं, पाणी बिघडलं, बाहेरून आणून सोडलेले मासे त्यांना खाऊन गेले. मोठं शहर, शेजारचं पाणी. शहापूरच्या माणसाला यात नवीन काय सांगायचं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. घरामागच्या शेतात पाणी साचलं आणि पहिल्याच रात्री बेडकांनी डोकं उठवलं. सकाळी बांधावर गेलो. मोठे नर पावसाच्या सुरुवातीला पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. लहानपणापासून बघतोय, पण या वेळी मी त्यांच्या कातडीकडे बघत होतो. ओली, चकचकीत, उघडी. शेतात जे फवारतील, ओढ्यात जे सोडतील ते सगळं थेट आत.

तेव्हापासून दोन नियम केले. मोरूचं वापरलेलं पाणी ओढ्यात किंवा शेतात जात नाही. आधी बादलीत टीसीएल टाकून एक दिवस ठेवतो, हो, तीच टीसीएल, मग घराजवळच्या केळीच्या आळ्यात. आणि मोरूनंतर दुसरा आणणार नाही. हे प्राणी नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं जगतात, त्यामुळे हा नियम पाळायला मला बराच वेळ आहे. तुम्हाला कुणी शहापूरच्या हवेत असला प्राणी हौस म्हणून देत असेल तर गोड बोलून नाही म्हणा. दिलाच असेल तर स्पंज टाकीतल्याच उपसलेल्या पाण्यात हलकेच धुवा. तो घाणच दिसला पाहिजे.

बादली काल सकाळपासून अंगणात उघडी आहे. आईने परत एकदा ढवळलेली दिसते. चला, पाणी बदलतो.